तिसरी फुंक

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. फोन न करता लिहिलंस हे बरं केलंस. तुमच्या दोन खोल्यांत फोनवर काही बोलायचं म्हणजे लंबू मागून "ताईला सांग मी ठणठणीत आहे" असं ओरडणार, आणि ते ओरडल्याबद्दल पाच मिनिटं खोकत बसणार. माझ्या भावाला मी ओळखते.

म्हणजे कारखान्याला अखेर जाग आली म्हणायची. एकोणीस वर्षं पॉलिशच्या शेडमध्ये उभं राहून माणसाने दगडाची पूड पोटात, नाकात, कानात भरून घेतली, आता साहेब म्हणतात, छाती तपासून या. तू नोटीस उतरवून पाठवलीस ती मी दोनदा वाचली. साठ टक्क्यांच्या खाली आकडा आला तर शेडमधून काढून गेटवर बसवणार, पगार तोच. साठ किंवा वर आला तर परत शेडमध्ये, पुढची तपासणी दोन वर्षांनी. त्या धुळीत आणखी दोन वर्षं म्हणजे काय, हे मी एकतीस वर्षं श्वासाच्या तपासणीच्या खोलीत बसून पाहिलेलं आहे. तुला सांगत नाही. तुला झोप लागायला हवी.

आता नीट वाच आणि त्यालाही वाचून दाखव. त्या दिवशी भरपेट जेवायचं नाही. पट्टा घट्ट आवळायचा नाही. नाकाला चिमटा लावतील, त्यावरून विनोद करायचे नाहीत. नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा, थांब म्हणेपर्यंत. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा महत्त्वाचा. असं तीन वेळा, आणि तिन्ही वेळचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. काही शहाणे गेटवर बसायला मिळावं म्हणून मुद्दाम हळू फुंकतात. मग एकदा एक येतो, दुसऱ्यांदा भलताच, आणि रिपोर्टवर शेरा पडतो, "सहकार्य अपुरे." लंबूला सांग, ढोंग करायची त्याला गरज नाही. त्याने खरं फुंकलं तरी आकडा खालीच येणार आहे.

तुमच्याकडच्या इस्पितळात ही तपासणी करणारी मुलगी माझ्याच हाताखाली शिकली. आवाज इतका बारीक होता की मी तिला पिपाणी म्हणत असे. पेशंटला "फुंका, फुंका, अजून, अजून" असं ओरडून सांगावं लागतं, आणि ही जणू कानात गुपित सांगायची. तिला माझा नमस्कार सांगू नकोस. ओळख काढली की लोक सैल होतात.

ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताई,

तपासणी झाली. चौसष्ट टक्के आले. रिपोर्टची प्रत सोबत पाठवते आहे, त्यातलं तुम्हालाच कळेल.

तुमची पिपाणी आता अजिबात पिपाणी नाही. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी तिचं ओरडणं ऐकलं. यांनी जीव लावून फुंकलं. तिसऱ्या वेळी डोळ्यांतून पाणी आलं, पण थांबले नाहीत. नंतर म्हणाले, "बघ, ताईला कळव, पहिल्या वर्गात पास झालो." मी म्हटलं, नापास व्हायला गेला होतात ना? तर म्हणतात, "मुद्दाम नापास व्हायचं मला कुणी शिकवलेलंच नाही." हा टोमणा तुम्हाला आहे, मी फक्त पोचवला.

इस्पितळाची लिफ्ट बंद होती. दोन जिने चढावे लागले. बाकी सांगण्यासारखं काही नाही. सोमवारपासून ते परत शेडमध्ये जातात. सकाळी बुटाची नाडी बांधताना मध्येच थांबतात आणि खिडकीबाहेर काहीतरी बघितल्यासारखं करतात. बाहेर समोरच्यांची भिंत आहे.

तुमची,
वहिनी

२ मार्च

वहिनी,

रिपोर्ट पाहिला. तीन रेषा एकावर एक अशा बसल्यात की मी शिकवायला वापरल्या असत्या. त्यामुळेच मला पहिले दोन दिवस दोष सापडेना. मग वरच्या कोपऱ्यात पाहिलं. उंची १७१.

लंबू १७६ आहे. आख्ख्या घराला माहीत आहे, म्हणून तर तो लंबू. तुला हे कळावं म्हणून सांगते, टक्के कशाचे काढतात? त्या वयाच्या, त्या उंचीच्या धडधाकट माणसाची जेवढी हवा निघायला हवी, तिच्याशी तुलना करून. माणूस उंच, तर छाती मोठी. पाच सेंटिमीटर कमी लिहिले की अपेक्षा कमी होते आणि टक्के आपोआप चढतात. मी कागदावर गणित केलं. १७६ धरले तर लंबूचा आकडा साठाच्या खाली जातो. थोडासाच जातो, पण जातो. म्हणजे त्या बयेने भिंतीशी उभं करून मोजलं नाही. तोंडी विचारलं असेल, किंवा नुसतं बघून ठोकून दिलं असेल. हे मी तिला शिकवलं नव्हतं. माझ्या खोलीत पट्टीला हात न लावता उंची लिहिणाऱ्याला मी दारातून परत पाठवत असे.

पाच सेंटिमीटरच्या आळसापायी माझा भाऊ दोन वर्षं धुळीत उभा राहणार, आणि मी इथे बसून स्वेटर विणायचा? इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरांना मी चार पानी तक्रार कालच रजिस्टर पोस्टाने पाठवली. "निष्काळजीपणा" हा शब्द पाच वेळा आला आहे, मोजून. पुन्हा तपासणी करा, असंही लिहिलं आहे.

ताई

२० मार्च

ती. ताई,

तक्रार मागे घेता येते का हो?

रागावू नका. मी परवा यांची औषधं आणायला इस्पितळात गेले होते. त्या मुलीला तपासणीच्या खोलीतून काढून तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं आहे. चौकशी होईपर्यंत. ती मला जिन्यावर दिसली. हातात फायलींचा गठ्ठा होता, केसांवर जळमट. तिने मला ओळखलं आणि मान हलवली, बस. मला कुठे बघू असं झालं.

आणि उंचीचं म्हणाल, तर तुम्ही ती कधी मोजली होती का? १७६ हे यांनी लग्न ठरताना माझ्या वडिलांना सांगितलं होतं. कारखान्याच्या फॉर्मवरही तेच. जाड टाचेचे बूट घालून. मला लग्नानंतर आठवड्याने कळलं, पण तेवढ्यासाठी माहेरी थोडंच परत जायचं. पिपाणीने यांना बूट काढायला लावून भिंतीशी उभं केलं होतं, मी समोरच होते. दोनदा मोजलं.

हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही विचारलं नाहीत, पाठवून मोकळ्या झालात.

पुन्हा तपासणीची तारीख आली आहे, मे महिन्यातली. तोवर शेड आहेच. आता ते जेवताना मध्ये ताट सरकवून थांबतात. घास आणि श्वास एकदम जमत नाही म्हणतात.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

इस्पितळाचा माणूस समोर आला की तू शेपूट घालतेस हे मला माहीत आहे, पण या थराला जाशील असं वाटलं नव्हतं. "दोनदा मोजलं" म्हणे. तुला तेव्हा पट्टीवरचा आकडा दिसला का? नाही ना? मग तिची बाजू कशाला घेतेस?

लंबूने बूट घालून उंची सांगितली ही गोष्ट मी क्षणभर खरी धरते. तरीही आकडा चुकलेलाच आहे. घास गिळताना ज्याला दम लागतो त्याचे चौसष्ट टक्के येत नाहीत. मी असे हजारो पाहिले. कुठेतरी कुणीतरी चुकलं आहे, आणि त्या खोलीत यंत्राजवळ एकच माणूस होतं.

तक्रार मागे घेणार नाही.

ताई

११ एप्रिल

आदरणीय बाई,

तुमच्या तक्रारीची प्रत मला चौकशीसाठी दिली. अक्षर लगेच ओळखलं. इतकं सुरेख अक्षर आमच्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

चौकशीला द्यायचं ते उत्तर मी दिलं आहे. तुम्हाला वेगळं लिहिते, कारण तुम्ही मला शिकवलंत. तुमच्या भावाची उंची मी बूट काढून, टाचा भिंतीला लावून, दोनदा मोजली. १७१. यंत्र त्या सकाळी तपासलेलं होतं, त्याची नोंद वहीत आहे. तीन फुंका घेतल्या, तिन्ही जुळल्या. आकडा मलाही जास्त वाटला. छातीचा आवाज आणि हा आकडा एका माणसाचे वाटत नव्हते. म्हणून मी शेवटी पुन्हा विचारलं, आज सकाळपासून श्वासाचा पंप घेतला आहे का? सुरुवातीला विचारलं होतं, तेव्हा ते नाही म्हणाले होते. दुसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीकडे बघून विचारलं. त्याही नाही म्हणाल्या. पंप घेतला असेल तर नळ्या काही तास मोकळ्या होतात आणि आकडा चढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोघंही नाही म्हणाले, तेव्हा मी सही केली.

पेशंट खोटं बोलला असं मी चौकशीत म्हटलेलं नाही. माझ्याकडे पुरावा नाही. आणि त्या बाईंचा चेहरा मला आठवतो.

तुम्ही मला पिपाणी म्हणत होतात, ते मला आवडत नसे. हे सांगायचं राहून गेलं होतं.

आपली विद्यार्थिनी

१५ एप्रिल

वहिनी,

एकच प्रश्न आहे आणि एकच उत्तर हवं. त्या दिवशी लंबूने पंप घेतला होता का?

ताई

२४ एप्रिल

ती. ताई,

हो.

पहिला जिना चढून झाल्यावर ते कठड्याला धरून राहिले. ओठ काळे-निळे झाले. लोक बाजूने वर जात होते, कुणी म्हणालं, "काका, बाजूला व्हा." मी त्यांना खांबाआड नेलं आणि पर्समधला पंप काढून चार वेळा दिला. तो घेतला की आकडा बदलतो हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तुमच्या पत्रात जेवणाचं होतं, पट्ट्याचं होतं, नाकाच्या चिमट्यावरच्या विनोदाचंसुद्धा होतं. पंपाबद्दल एक शब्द नव्हता. मी ते पत्र आज पुन्हा काढून वाचलं.

पण खोटं बोलले ते माहीत असून बोलले. आमच्या आधीच्या एका म्हाताऱ्याला पिपाणीने विचारलं, तो हो म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "मग आज नाही करता येणार, सात आठवड्यांनी या." तो काठी टेकत परत गेला. मी बाकावरून सगळं ऐकलं. मी यांच्या कानात सांगितलं, नाही म्हणा. सात आठवडे शेडमध्ये, आणि मग पुन्हा ते दोन जिने, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. चार फवाऱ्यांनी असा किती फरक पडणार, असं वाटलं.

तुमचं ते गणिताचं पत्र आलं तेव्हाच सांगायचं होतं. तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलं होतंत की मला क्षणभर वाटलं, असेलही, पाच सेंटिमीटरनेच झालं असेल. मग त्या मुलीला जिन्यावर बघितलं.

हे यांना ठाऊक आहे की मी तुम्हाला कळवते आहे. म्हणाले, "ताईला राग आला तर येऊ दे, तिला तेवढाच व्यायाम."

वहिनी

३० मे

ती. ताई,

तुमचं उत्तर नाही. पाच आठवडे झाले. राग आला असेल तर तो लिहून पाठवा, पण लिहा.

परवा पुन्हा तपासणी झाली. या वेळी आदल्या रात्रीपासून पंप दिला नाही. दोन जिने चढायला पाऊण तास लागला. मी घरून छोटं स्टूल नेलं होतं, चार पायऱ्यांवर एकदा बसवत नेलं. खोलीत पिपाणीच्या जागी एक माणूस होता, रक्त तपासणीतून तात्पुरता आणलेला. तो ओरडला नाही, काही नाही. "हं, फुंका" म्हणाला आणि मोबाईलकडे बघत राहिला. यांना पहिल्या वेळी खोकला आला. दुसऱ्यांदा अर्ध्यात थांबले. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. रिपोर्टवर टक्के लिहिलेच नाहीत. लिहिलंय, "सहकार्य अपुरे."

कारखान्याने कळवलं की आधीचे चौसष्ट टक्के ग्राह्य धरण्यात येतील, आणि कामगाराने जाणूनबुजून तपासणी बिघडवल्याची नोंद घेतली आहे.

यांनी ते पत्र वाचलं आणि घडी करून बुटात घातलं. बूट सैल झालाय म्हणाले.

ताई, पिपाणी त्या खोलीत परत यायला हवी. ते फक्त तुम्ही करू शकता.

वहिनी

३ जून

मा. मुख्य डॉक्टर,

मी मार्चच्या सुरुवातीला आपल्या श्वास-तपासणी विभागातील तंत्रज्ञ महिलेविरुद्ध तक्रार केली होती. ती मागे घेत आहे.

उंचीची नोंद बरोबर आहे. १७६ हा आकडा मी स्वतः कधीही मोजलेला नव्हता. ऐकीव आकडा मोजल्यासारखा सांगितला, हा दोष माझा. तपासणीआधी रुग्णाला पंप दिला गेला होता आणि विचारल्यावर ते सांगितलं गेलं नाही. सात आठवडे थांबण्याची भीती, हे त्याचं कारण. रुग्णाला तपासणीच्या सूचना मी लिहून पाठवल्या होत्या, त्यात पंप बंद ठेवण्याची सूचना मी विसरले. एकतीस वर्षं ती आमच्याकडे छापील चिठ्ठीवर असे, त्यामुळे ती मला कधी तोंडाने सांगावी लागली नव्हती. तंत्रज्ञाने दोनदा विचारलं होतं. यापेक्षा जास्त कुणीही काही करू शकलं नसतं. मीही नाही.

हे मला २६ एप्रिललाच कळलं होतं. पत्र पाठवायला मी पाच आठवडे लावले. त्याला कारण नाही.

त्यांना त्यांच्या जागी परत घ्यावं, आणि माझ्या भावाची तपासणी त्यांच्याच हातून व्हावी, अशी विनंती आहे. या पत्राची प्रत कारखान्याला पाठवण्यास माझी हरकत नाही.

आपली,
निवृत्त तंत्रज्ञ

१६ जुलै

आदरणीय बाई,

मी पहिल्या तारखेपासून खोलीत परत आले. तुमचं पत्र साहेबांनी मला वाचायला दिलं आणि मी ते परत फाइलला लावलं. मला वेगळी प्रत नको होती.

तुमच्या भावाची तपासणी काल केली. त्यांना मालाच्या लिफ्टने वर आणलं. ती पेशंटसाठी नाही, पण मी सही केली. पंप बंद होता, मी पर्ससुद्धा बघितली, वहिनींनी स्वतःच उघडून दाखवली.

पहिली फुंक पुरी झाली. दुसरीही. दोन्ही जुळल्या. अडतीस टक्के. तिसरी मी घेतली नाही. त्यांनी नळी तोंडाजवळ नेली आणि माझ्याकडे बघितलं, मी ओरडायची वाट बघत होते ते. मी नळी काढून घेतली. रिपोर्टवर लिहिलं, "दोन नोंदी घेतल्या, रुग्णाच्या प्रकृतीमुळे तिसरी टाळली, आकडा विश्वसनीय." नियमात हे बसतं की नाही यावर पुन्हा चौकशी झाली तर होऊ दे. तुम्ही असतात तर तिसरी घेतली असतीत. मला ठाऊक आहे, कारण मी तुम्हाला घेताना पाहिलं आहे.

त्यांना बाकावर बसवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "नापास ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "ताईला तू सांग. मला धीर होत नाही."

म्हणून लिहिलं.

आपली विद्यार्थिनी

२ ऑगस्ट

ती. ताई,

कारखान्याचा हुकूम आला. पहिल्या तारखेपासून गेटवर. जाणूनबुजून तपासणी बिघडवल्याची नोंदही त्यांनी खोडली, त्याची वेगळी चिठ्ठी आहे.

काल आणि आज ते गेटवर गेले नाहीत. जाऊ शकत नाहीत. गेटवर बसायचं म्हणजे दर ट्रकला उठून आडवा दांडा उचलायचा. आता त्यांना न्हाणीघरापर्यंत जायला मध्ये खुर्ची ठेवावी लागते. इस्पितळातून प्राणवायूचं यंत्र आलं आहे, ते दिवसभर घुरघुरतं. शेजारणीला वाटलं आम्ही नवीन फ्रीज घेतला.

फेब्रुवारीत हा हुकूम आला असता तर दांडा उचलता आला असता. मी हे रोज एकदा म्हणते, मनात. त्यांच्यासमोर म्हणत नाही. तुम्हाला म्हणून टाकलं, कारण तुम्हीही तेच म्हणत असाल.

आता कारखान्याला लिहायला हवं, की गेटही नको, आजारपणात घरी बसू द्या. न लिहिता गैरहजर राहिले तर नाव काढतील. मला असं लिहिता येत नाही. तुम्ही तिथून लिहून पाठवा. तुमच्यासारखं कडक कुणी लिहीत नाही.

वहिनी

७ ऑगस्ट

वहिनी,

मी गुरुवारी दुपारच्या गाडीने पोचते. घ्यायला कुणी यायचं नाही. माझी खाट वगैरे करू नकोस, लंबूच्या यंत्राशेजारी खुर्ची असेल तेवढी पुरे.

तिथून लिहून पाठव म्हणतेस. मी सहा वेळा बसले. पहिल्या ओळीतच मला कारखान्याची एकोणीस वर्षं आठवतात आणि पेन चढतं. चढलेल्या पेनाने काय होतं ते आपण दोघींनी पाहिलं. तुम्ही तिघांनी जास्त.

आणि लिहायचं काय, ते मला माहीत नाही. मला अडतीस टक्के माहीत आहेत. नाडी बांधताना तो कुठे थांबतो, ताट कधी सरकवतो, न्हाणीघराच्या वाटेवर खुर्ची नेमकी कुठे ठेवावी लागते, हे तुला माहीत आहे. तू बोल, मी लिहून घेईन. तू म्हणशील तेवढंच, तू म्हणशील त्याच शब्दांत. मध्ये बोलणार नाही. बोललेच तर लंबूला सांग, नाकाला लावायचा चिमटा माझ्या ओठांना लाव.

लिहून झालं की तुला वाचून दाखवीन. तू हो म्हटल्याशिवाय पाकीट बंद करणार नाही.

ताई